चौदा नंबरचा डबा

झाशीच्या सदर बाजारातल्या भवानी व्हिडिओत कॅसेट मागायला जाणाऱ्याला मनाची तयारी करूनच जावं लागे. मागितलेली कॅसेट हणमंतराव जगदाळे देतीलच, असं काही नव्हतं. तुम्ही लग्नाचा पिक्चर मागा, मारामारीचा मागा, सासूसुनेचा मागा. हणमंतराव चष्मा कपाळावर सरकवून डॉक्टरसारखं तुमच्या तोंडाकडे बघणार, मग मागच्या कपाटाकडे वळणार आणि म्हणणार, "ते सोडा हो. तुम्ही हे न्या."

हे म्हणजे भुताचा पिक्चर. आणि तोही पडलेला.

गाजलेल्या भुतांशी हणमंतरावांचं वाकडं होतं. ज्या भुताचं पोस्टर रिक्षांच्या पाठीवर लागलं, ज्याला बघून कानपूरच्या बायका बेशुद्ध पडल्या, ते भूत त्यांच्या मते सरकारी नोकरच. त्याला कशाला कुणाच्या शिफारशीची गरज? त्यांचा जीव अडकलेला होता तीन दिवसांत थेटरातून उतरलेल्या भुतांमध्ये. 'तेरहवीं चारपाई', 'पीली कोठी का माली', 'लौटती बारात का घोड़ा'. हे पिक्चर बनवणारेसुद्धा ते विसरून गेले होते. "बिचारं भूत इतका पांढरा रंग फासून, इतक्या उंच झाडावर चढतं," हणमंतराव म्हणायचे, "आणि खाली खुर्च्या रिकाम्या. काय वाटत असेल त्याला?"

जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतल्या सुभेदार तानाजींची बायको स्नेहलता एकदा घाईघाईने आली. "दादा, माझ्या दोन नणंदा आल्यात साताऱ्यावरनं. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काहीतरी द्या. गाणी पाहिजेत बरं का."

"गाणं आहे ना. विहिरीतून येतं."

"विहिरीतनं?"

"फार गोड गळा आहे, भाभीजी. तुम्ही न्या तर."

दुसऱ्या दिवशी स्नेहलता कॅसेट घेऊन हजर. चेहरा गंभीर. "नणंदा सकाळच्या गाडीनं गेल्या परत. आठ दिवस राहणार होत्या." हणमंतरावांनी मान खाली घातली. स्नेहलताने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का हो? सासूबाई यायच्यात पुढल्या महिन्यात."

तर असं दुकान. काउंटरवर पाटी होती, मराठीत आणि हिंदीत: 'शेवट सांगणाऱ्याला कॅसेट मिळणार नाही.' तिच्याबाबतीत दयामाया नव्हती. एका बँक मॅनेजरने बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर "माळीच भूत निघतो" एवढंच म्हटलं, तर हणमंतरावांनी त्याला सहा महिने फक्त कुस्तीच्या कॅसेटी दिल्या.

लोकांना वाटायचं, माणूस जरा सटकलेला आहे. लक्ष्मी गेटच्या जुन्या मराठी घरातला. दोनशे वर्षांपूर्वी पूर्वज हत्तींना वैरण घालायला म्हणून फौजेबरोबर आले आणि हत्ती गेले तरी हे राहिले. लग्न नाही. आई राधाबाई होती तोवर तिने पुष्कळ मुली दाखवल्या, पण हणमंतराव पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीला विचारायचे, "भुताचा पिक्चर कुठला आवडला?" पुढे मुलीच्या बापालाच घाम फुटायचा.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक न बघितलेला शेवट होता, आणि तो कुणाला ठाऊक नव्हता.

सहासष्ट साली हणमंत चोवीस वर्षांचा होता आणि झाशीच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. पिक्चरच्या पेट्या तेव्हा रेल्वेने यायच्या. एक पेटी झाशीची, एक समथरची. झाशीजवळच्या समथर गावाला मेळ्यात पिक्चरचा तंबू लागायचा. स्टेशनवरून दोन्ही पेट्या सोडवायच्या, समथरची बसच्या टपावर चढवायची आणि आपली सायकल-रिक्षात घालून टॉकीजवर आणायची, हे काम हणमंताचं. त्या दिवशी झाशीला भुताचा पिक्चर होता, समथरला देवाचा. हमालाने दोन्ही पेट्या एकावर एक ठेवल्या, वर स्वतः बसला, आणि प्लॅटफॉर्मवर नवऱ्यामुलाची मिरवणूक आली म्हणून नाचायला उडी मारून उतरला. पेट्या कलंडल्या, फुटल्या आणि अठ्ठावीस डबे झाशीच्या प्लॅटफॉर्मवर चहूकडे गडगडत सुटले. एक चहाच्या ठेल्याखाली गेला, एक झोपलेल्या साधूच्या कुशीत थांबला, एक वरमाईच्या पायावर. डब्यांवर खडूने नावं लिहिलेली होती ती पुसून गेली. आकडे तेवढे रंगाने रंगवलेले. हणमंताने एकेक डबा उघडून, फिल्म उजेडात धरून, हे भुताचं, हे देवाचं, असे तेरा-तेरा डबे लावले. बस सुटायला आली. राहिले दोन चौदा. दोन्ही उघडून बघितले तर दोन्हीत दरवाजाच. बंद दरवाजा. त्याने एक इकडे टाकला, एक तिकडे.

झाशीत लागला होता 'पिछवाड़े की कुंडी'. नाव असलं की लोक हसले. हॉलमध्ये मोजून चाळीस माणसं. पण हणमंत मशीनच्या खिडकीतून बघत होता तो हलला नाही. एक पोस्टमास्तर बदलून एका गावात येतो. राहायला सरकारी घर. घराच्या मागच्या दाराला आतून कुंडी, म्हणजे आपली कडी. रोज दुपारी त्या दारापलीकडून एक बाई विचारते, "चिट्ठी आई?" तो फिरून मागे जाऊन बघतो, तर तिथे नुसतं पडीक शेत. एवढंच. कुणी दात दाखवत नाही, कुणी झाडावर चढत नाही. हळूहळू कळतं की ती कुणाच्या तरी पत्राची वाट बघत मेलेली आहे. मग पोस्टमास्तरला जुन्या थैलीत ते पत्र सापडतं. नवऱ्याचं. 'मी येणार नाही, वाट बघू नकोस.' तो रात्रभर बसतो आणि दुसरं पत्र लिहितो, त्याच अक्षरात: 'मी निघालोय.' ते पत्र घेऊन भर दुपारी मागच्या दाराशी येतो. कुंडीवर हात ठेवतो. तेरावा डबा संपतो.

चौदाव्यात दार उघडलं आणि थेट वैकुंठ. फुलं पडतायत, अप्सरा नाचतायत, भगवान म्हणतायत, "वत्स, तेरी परीक्षा पूर्ण हुई." चाळीसपैकी अठ्ठावीस लोकांनी हात जोडले. त्यांची काही तक्रार नव्हती. सरकारी नोकराला मरणोत्तर का होईना बढती मिळाली म्हणून ते खूश होते. एक म्हातारा तेवढा बाहेर पडताना ओरडला, "पोस्टमास्टर को तो भगवान मिल गए, पर चिट्ठी किसे मिली?"

समथरला काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. भक्ताने मंदिराचं दार उघडलं, लोक आरतीची ताटं घेऊन उभे राहिले, आणि दारातून ती बाई. तंबू आडवा झाला. हणमंताची नोकरी गेली, दोन्ही पिक्चर वितरकाने उचलून नेले, आणि 'पिछवाड़े की कुंडी' पुन्हा कुठेच लागला नाही. हणमंतरावांनी दिल्लीला पत्रं टाकली, कानपूरला टाकली. कॅसेटी आल्या, दुकान झालं, तरी प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याला विचारत राहिले. असा पिक्चर होता हेच कुणाला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं एक माणूस कुंडीवर हात ठेवून उभा होता आणि दार काही उघडत नव्हतं.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शनिवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. हातात वह्यांची पिशवी, चष्मा, एक वेणी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात, एवढं सदर बाजाराला माहीत होतं. सगळे त्यांना बहनजी म्हणत.

"मराठी आहात ना आपण?" त्या म्हणाल्या. "मी कुसुमावती दळवी. मला एक पिक्चर पाहिजे. नाव माहीत नाही."

"गोष्ट सांगा."

"गोष्टही माहीत नाही. मी त्याची शेवटची दहा मिनिटंच पाहिलीत. फार वर्षांपूर्वी. समथरला तंबूत देवाचा पिक्चर चालला होता, आणि शेवटी काहीतरी भलतंच लागलं. एक दार उघडतं आणि आत एक—"

"थांबा!" हणमंतराव इतक्या जोरात ओरडले की समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली सुटली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, अंगावर बैल धावून यावा तसे. "सांगू नका! शेवट सांगायचा नाही!"

सव्वीस वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते तोंडाशी आलं, आणि माणसाने ते पाटीखातर परत पाठवलं. त्यांचं त्यांनाही नवल वाटलं.

कुसुमावतीबाईंनी पाटी वाचली. "अहो, पण मला शेवटच तेवढा माहीत आहे."

"आणि मला शेवट सोडून सगळं," हणमंतराव म्हणाले. त्यांनी बाकडं पुढे ओढलं. "आपण बसा."

मग बाईंनी बाकड्यावर बसून त्या दिवसाची हकीकत सांगितली, शेवट वगळून. ग्वाल्हेरचं स्थळ आलं होतं त्यांना बघायला. बघण्याचा कार्यक्रम आटोपल्यावर सगळ्यांना पिक्चरला नेलं. देवाचा आहे, शुभ आहे. तंबूत चपला काढून बसायचं होतं. आई चंद्रभागाबाईंनी बजावलं, "कुसुम, पाहुण्यांच्या चपला चोरीला गेल्या तर नाक जाईल. काही झालं तरी चपलांपासून हलायचं नाही." मग दार उघडलं. सगळ्यात आधी नवरामुलगा पळाला, स्वतःच्या आईच्या पाठीवर पाय देऊन. मागोमाग सासरे होणारे गृहस्थ खांबाला मिठी मारून तंबूसकट पडले. सतरा वर्षांची कुसुम अकरा जोड चपलांपाशी बसून राहिली आणि अर्धा पडदा खाली येईतो सगळं बघितलं.

"लग्न मोडलं. पुढे कुणी आलंच नाही. भुताला न घाबरणारी पोरगी सून म्हणून कोण नेणार? मी काय म्हणून सांगणार, चपला राखत होते म्हणून?" त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "ज्या मूर्खाने ते डबे बदलले ना, तो एकदा भेटायला हवा होता मला."

हणमंतरावांनी एक कॅसेट उचलली, फडक्याने पुसली, ठेवली, परत तीच पुसली.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"ते मी त्यालाच सांगेन."

ठरलं असं: पिक्चर मिळणं शक्य नाही, तर हणमंतराव दर शनिवारी, शाळा अर्धी असते तेव्हा, एक डबा सांगतील. पहिल्यापासून, क्रमाने. ते संपले की शेवटचा बाई सांगतील.

आणि शनिवार सुरू झाले. हणमंतराव शनिवारी धुतलेला सदरा घालू लागले. समोरून चहा यायचा, आलुबोंडे यायचे. हणमंतराव दाराचा आवाज स्वतः काढायचे, पोस्टमास्तरचं बोलणं जाड आवाजात, बाईचं बारीक. गिऱ्हाईक आलं तर हात वर करून त्याला थांबवायचे. दोन-तीन गिऱ्हाइकं तशीच उभी राहून पुरता डबा ऐकून जायची आणि घरी जाऊन सांगायची की कॅसेट बाहेर गेलीय.

एकच अडचण होती. हाक काय मारायची? अख्खा बाजार बहनजी म्हणायचा. हणमंतरावांनी एकदा 'ब' म्हणून बघितलं, पुढे जीभच वळेना. बहीण सोडून दुसरं काहीही चाललं असतं. मग ते त्यांना हाकच मारेनासे झाले. "अं, चहा," असं म्हणायचे. बाई हे बघत होत्या.

बाराव्या शनिवारी पत्राचा डबा आला. पोस्टमास्तर रात्रभर बसून खोटं पत्र लिहितो. बाईंचा कप हातातच राहिला.

"म्हणजे ते पत्र खोटं होतं?"

"हो."

"पण ती तर ते वाचून—"

हणमंतरावांनी कानांत बोटं घातली. बाईंनी कप खाली ठेवला. बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत होत्या, जणू सव्वीस वर्षांपूर्वी पाहिलेला कुणाचा तरी चेहरा पुन्हा नीट बघत होत्या. मग पिशवी उचलून नेहमीपेक्षा हळू चालत गेल्या. बोटं कानांतून काढल्यावर हणमंतरावांच्या लक्षात आलं की पुढचा शनिवार तेरावा. मग एक चौदावा. मग काय? मग शनिवारी दुपारी धुतलेला सदरा घालून ते कुणाला चहा देणार होते?

म्हणून तेराव्या शनिवारी पोस्टमास्तर मागच्या दाराशी गेलाच नाही. ग्वाल्हेरहून इन्स्पेक्टर आला. चौदाव्याला इन्स्पेक्टरची सासू आली. पंधराव्याला पोस्टातून दोन बकऱ्या हरवल्या आणि अख्खा डबा त्यांना शोधण्यात गेला. सोळाव्याला एक बकरी सापडली. हणमंतराव रात्री अंथरुणात पडून दुसरी कुठे ठेवावी याचा विचार करायचे. आयुष्यभर पडलेल्या पिक्चरची तारीफ केलेला माणूस, आता स्वतः एक पाडत होता. बाई मात्र आलुबोंडा खात शांतपणे ऐकायच्या. "मग सासूचं काय झालं?" असंही विचारायच्या.

एकोणिसाव्या शनिवारी त्या आल्या त्या बसल्या नाहीत.

"माझी बदली झाली. समथरला. मीच मागून घेतली; आईला आता दिसत नाही फारसं. सोमवारी निघते."

दुकानात टेपवर कुणाच्या तरी मुंजीची कॅसेट चालू होती. मुंजमुलगा रडत होता. हणमंतरावांनी ती बंद केली.

"अजून दुसरी बकरी..." ते म्हणाले.

"हणमंतराव, डबे चौदाच होते."

"आपल्याला कसं—"

"तंबू पडला तेव्हा तो डबा गडगडत माझ्या चपलांपाशी आला. वर चौदा लिहिलेलं होतं. लाल रंगात."

"मग आपण सहा शनिवार ऐकत काय राहिलात?"

"सासू चांगली होती," बाई म्हणाल्या.

हे ऐकल्यावर खरं म्हणजे माणसाने काही गोड बोलावं. पण हणमंतरावांना सव्वीस वर्षांचं आतलं एकदम वर आलं. काउंटरला धरून ते म्हणाले, "तो डबा मी चढवला होता. बसवर. दोन्ही चौदात दरवाजाच होता, मला ओळखता नाही आला. तो मूर्ख मी."

समोर चहावाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. कुसुमावतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला आणि हणमंतरावांकडे असं बघितलं की जणू आत्ताच दुकानात आल्या.

"आणि एकोणीस शनिवार सांगितलं नाहीत."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावली. "मग शेवट काही मी सांगत नाही." आणि गेल्या.

त्यानंतर भवानी व्हिडिओवर संकट आलं. हणमंतराव लोकांना मागितलेल्या कॅसेटी देऊ लागले. लग्नाचा मागितला, लग्नाचा दिला. मारामारीचा मागितला, मारामारीचा. बाजार हादरला. स्नेहलता तर काउंटरवर ओणवी होऊन त्यांच्या कपाळाला हात लावू लागली. "दादा, ताप आहे का? मी मागितलं तेच दिलंत! निदान विचारायचं तरी, भूत नको का म्हणून!"

"न्या भाभीजी. चांगला आहे तो. सगळ्यांना आवडतो."

"अगं बाई," स्नेहलता म्हणाली आणि कॅसेट न घेताच गेली.

दुपार झाली की डाकिया रामकृष्ण सायकलवरून यायचा. हणमंतराव दाराआडून विचारायचे, "चिट्ठी आई?" रामकृष्ण मान हलवायचा. तीन आठवडे हे चाललं. एका दुपारी विचारून झाल्यावर हणमंतरावांना आपलाच आवाज ऐकू आला: बारीक, ओढलेला, दारापलीकडचा. ते मटकन बाकड्यावर बसले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की आपण कुंडीवर हात ठेवलेला पोस्टमास्तर आहोत. आपण तर पलीकडे होतो.

चौथ्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. रामकृष्णला मराठी येत नसे, पण अक्षरं तर तीच, त्यामुळे त्याने वाटेतच लावून वाचलं होतं.

'कुंडी वर जाते. आवाज होतो. दार उघडत नाही, लाकूड फुगलेलं आहे. तो खांदा लावतो. — कु. दळवी.'

बस, एवढंच. हणमंतरावांनी ते अकरा वेळा वाचलं. रामकृष्ण सायकल सोडून उभा होता. "फिर? खुलो कि नईं?"

"कार्ड संपलं."

"जे का बात भई!" रामकृष्ण वैतागून म्हणाला आणि चहावाल्याला जाऊन सांगितलं. चहावाल्याने छावणीत सांगितलं. आठ दिवसांनी दुसरं कार्ड आलं तेव्हा दुकानात नऊ माणसं आधीच होती.

'दार उघडतं. एक बाई पाठमोरी उभी आहे. केस मोकळे नाहीत, वेणी आहे. लोकांनी उगाच मोकळे म्हणून उठवलं. पांढरी साडीही नाही.'

"मग कसली?" स्नेहलता म्हणाली. "विचारा ना पत्र टाकून, कसली साडी! बघा दादा, तुम्हाला मुख्य काही विचारताच येत नाही." हणमंतराव पत्र टाकत नव्हते असं नव्हतं. रोज लिहायचे. पण सुरुवातीला कुणाला काय म्हणून लिहायचं तेच ठरत नव्हतं, आणि 'अं,' लिहून पत्र कसं सुरू करणार?

तिसरं कार्ड आलं.

'ती वळते. पुढचं कार्डावर लिहिण्यासारखं नाही, रामकृष्णजी वाचतात. समथरची बस दीड वाजता सुटते. ती कुठून सुटते आपल्याला ठाऊकच आहे.'

रामकृष्णचा चेहरा पडला. "हमाओ नाम काय लिख दओ?" पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सव्वा वाजला होता. स्नेहलताने हणमंतरावांना काउंटरमागून ओढून काढलं, चहावाल्याने शटर पाडलं आणि ऑटोवाल्याला कुणीतरी शिव्या देऊनच जवळ आणलं. हणमंतरावांनी जाता जाता कपाटातून 'पीली कोठी का माली' तेवढा काखेत मारला. रिकाम्या हाताने कसं जायचं?

बस तीच नव्हती, पण टपावर पेट्या चढत होत्या. हणमंतरावांनी त्यातल्या एकीला उगाच हात लावून बघितला. "क्या है इसमें?" "अचार," कंडक्टर म्हणाला. "आप का करत?" हणमंतराव आत जाऊन बसले. खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. आयुष्यात चुकीचा डबा ज्या वाटेने पाठवला त्या वाटेने आता ते स्वतः चालले होते, आणि हाही चुकीचाच निघाला तर? समथरच्या बाजारात त्यांनी दळवी बहनजींचं घर विचारलं. पहिल्यांदाच 'बहनजी' म्हणाले, तेही दुसऱ्याजवळ. एका पानवाल्याने हात दाखवला, "पीछे से जइयो भैया, आगे को किवाड़ नईं खुलत."

मागे एक छोटी गल्ली, भिंतीला टेकून वाळत घातलेली लाल मिरची, आणि दार. बाहेरून उचलता येणारी कुंडी. आतून कुणी तरी भांडी विसळत होतं. हणमंतरावांनी चपला काढल्या. मग परत घातल्या. मग काढल्या. कुंडीवर हात ठेवला.

इथे येऊन तेरावा डबा संपत होता. आता वैकुंठ निघालं तर? फुलं पडली तर? भांड्यांचा आवाज थांबला होता. आत कुणीतरी ऐकत होतं.

त्यांनी कुंडी वर केली. आवाज झाला. दार उघडेना. लाकूड फुगलेलं होतं. हणमंतरावांनी काखेतला माळी छातीशी घट्ट धरला आणि खांदा लावला. पहिल्या धक्क्याला काही नाही. दुसऱ्या धक्क्याला दार एकदम उघडलं, आणि ते, माळी आणि चौकटीजवळची अर्धी टोपली मिरची असे सगळे अंगणात आले.

अंगणात बाई पाठमोरी उभी होती. वेणी. निळी साडी, चुरगळलेली, भांडी घासताना खोचलेली. वेणीत एक पांढरी बट होती. ती सदर बाजारातल्या उजेडात कधी दिसली नव्हती. ती वळली. हणमंतराव गुडघ्यावर होते. उठून उभं राहायचं त्यांना सुचलं नाही.

"फार उशीर केलात," ती म्हणाली.

आतल्या खोलीतून चंद्रभागाबाईंनी हाक मारली, "कुसुम, कोण आलंय गं?"

"पिक्चरवाले आलेत, आई."

हणमंतरावांचं तोंड उघडलेलंच होतं. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं होतं, मिरचीनेच बहुतेक. "हे... हे तिने म्हटलेलं आहे? त्या बाईने? शेवटी?" त्यांनी विचारलं. "का आपण..."

कुसुमावतींनी त्यांच्या हातातली कॅसेट काढून घेतली, नाव वाचलं, उलटी करून परत वाचलं. मग दाराबाहेर गल्लीत बघितलं, जिथे धुळीत एक उजवी आणि एक डावी चप्पल अशी दोन बाजूंना पडली होती.

"कुसुमावती," हणमंतराव म्हणाले. पुढे 'बाई' लावायचं राहून गेलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आधी चपला आत घेऊन या. आता मी कुणाच्या राखत बसायची नाही."